आरशात न दिसणारे ओझे: मोटरहोममागे बंदिस्त ट्रेलर कसा ओढावा

मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, चालवणाऱ्याला आपण ओढत असलेला ट्रेलर प्रवासातला बहुतेक वेळ दिसतच नाही. पिकअपच्या मागे तोच ट्रेलर जोडला, तर त्याची पुढची भिंत मागच्या काचेत सतत उभी असते आणि त्याच्या कडा दोन्ही आरशांत दिसत राहतात. मोटरहोम मात्र स्वतःच रुंद आणि उंच असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर ट्रेलर तिच्या पाठीमागे पुरता झाकला जातो आणि केवळ वळणावर त्याची एखादी कड क्षणभर नजरेस पडते. भरीस भर म्हणजे ओढणारी गाडी इतकी जड असते, की ट्रेलरचा टायर बसला तरी तो धक्का चालकाच्या आसनापर्यंत पोहोचेलच असे नाही. ट्रेलर बंदिस्त असला तर आतला माल सरकला आहे की नाही, हेही बाहेरून कळत नाही. म्हणून पिकअपच्या चालकाला जे डोळ्यांना आणि पाठीला आपोआप समजते, ते मोटरहोमच्या चालकाने निघण्यापूर्वीच वजनकाट्यावर मोजून आणि हाताने चाचपून माहीत करून घ्यायला हवे. पुढे सांगितलेली पद्धत या एका अडचणीभोवतीच बेतलेली आहे.

वजनाचा हिशेब काट्यावर

ट्रेलर ओढण्याची क्षमता म्हणजे एकच आकडा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात अनेक मर्यादा एकाच वेळी लागू असतात: माल, पाणी, इंधन आणि माणसे धरून मोटरहोमचे कमाल वजन, तिच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर (चाकांच्या आसावर) स्वतंत्रपणे चालणारा कमाल भार, मोटरहोम आणि ट्रेलर मिळून होणारे कमाल एकत्रित वजन, आणि हिचवरच्या, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या सांध्यावरच्या, पाटीवर लिहिलेले दोन आकडे, म्हणजे ओढायचे वजन आणि बॉलवर (हिचवरच्या लोखंडी गोळ्यावर) उभा पडणारा भार. मोटरहोमच्या कमाल वजनासाठी कागदपत्रांत बहुधा जीव्हीडब्ल्यूआर आणि एकत्रित वजनासाठी जीसीडब्ल्यूआर अशी आद्याक्षरे वापरलेली असतात. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी भरते, तीच खरी क्षमता होय. बाकीच्या मर्यादांत कितीही जागा शिल्लक असली, तरी तिचा उपयोग नाही. ट्रेलरलाही त्याची स्वतःची कमाल वजनाची मर्यादा असते, ती वेगळी पाहावी.

विक्रीपत्रकात छापलेले रिकाम्या गाडीचे वजन या हिशेबात धरू नये. मोटरहोम हे घर आहे आणि घरात सामान साठतच जाते. भांडी, अंथरुणे, अवजारे, खुर्च्या असे करता करता काही शे किलो कधी भरले ते कळत नाही. पाण्याचा हिशेब तर सरळ आहे, एक लिटरला एक किलो, म्हणजे १५० लिटरची टाकी भरली की एक दणकट माणूस आणि त्याच्या जोडीला आणखी एक असा भार आधीच चढलेला असतो. म्हणून प्रवासाला निघताना गाडी जशी भरलेली असेल तशीच, सगळ्या प्रवाशांसह, वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन नोंद करावी, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. त्यानंतर ट्रेलर जोडावा आणि ट्रेलरची चाके काट्याबाहेर राहतील अशा रीतीने मोटरहोमचे पुन्हा वजन करावे. या वेळचे वजन आधीच्या वजनापेक्षा जितके वाढले असेल, तितका ट्रेलरच्या दांड्याचा, म्हणजे हिचला जोडल्या जाणाऱ्या त्याच्या पुढच्या टोकाचा, भार हिचवर पडतो आहे. शेवटी ट्रेलरची चाके काट्यावर घ्यावीत. त्या आकड्यात दांड्याचा भार मिळवला, की ट्रेलरचे पूर्ण वजन हाती येते. अर्ध्या तासाचे हे काम टाळण्यासारखे नाही.

मागचा लांब भाग आणि तरफेचा नियम

मोटरहोम आणि पिकअप यांच्यातला सर्वांत मोठा फरक मागच्या चाकांच्या मागे असतो. पिकअपचा हिच मागच्या एक्सलपासून फार तर सव्वा ते दीड मीटरवर असतो. मोटरहोममध्ये शयनकक्ष किंवा सामानाचे कप्पे मागच्या चाकांच्याही पलीकडे पसरलेले असल्यामुळे हेच अंतर अडीच-तीन मीटरपर्यंत जाऊ शकते. परिणामी मागचे एक्सल टेकूसारखे वागते आणि हिचवरचा भार तरफेसारखा काम करतो: मागच्या एक्सलवर प्रत्यक्ष भारापेक्षा जास्त वजन पडते आणि पुढचे एक्सल उचलले जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, मोटरहोमची कमाल मर्यादा ६,५०० किलो, एकत्रित वजनाची १०,००० किलो, मागच्या एक्सलची ४,३०० किलो आणि हिचची २,३०० किलो ओढण्याची व २७० किलो उभ्या भाराची आहे. काट्यावर गाडी पुढे २,१०० आणि मागे ४,००० किलो भरली. ट्रेलर २,१०० किलोचा आहे आणि दांड्याचा भार २५० किलो. वरवर पाहता सगळे मर्यादेत आहे: एकत्रित वजन ८,२०० किलो, मोटरहोम दांड्याच्या भारासह ६,३५० किलो, हिचलाही थोडी जागा शिल्लक. आता पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर ४.५ मीटर आणि मागच्या एक्सलपासून बॉलपर्यंतचे अंतर २.७ मीटर धरले, तर मागच्या एक्सलवर २५० ऐवजी २५० गुणिले ७.२ भागिले ४.५, म्हणजे ४०० किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे १५० किलो कमी होतात. मागचे एक्सल ४,४०० किलोवर गेले, म्हणजे मर्यादेच्या १०० किलो पलीकडे. पुढची चाके हलकी झाल्याने स्टिअरिंगची आणि पुढच्या ब्रेकची पकडही कमी झाली. हे सारे हिचच्या पाटीवर कोठेही लिहिलेले नसते.

अशा वेळी दांड्याचा भारच कमी करून टाकण्याचा मोह होतो आणि त्यासाठी ट्रेलरमधला माल मागे सरकवला जातो. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. त्याचे कारण पुढच्या भागात येईल. योग्य मार्ग म्हणजे मोटरहोमच्या मागच्या कप्प्यांतले जड सामान पुढे आणणे, मागच्या बाजूला असलेली पाण्याची टाकी प्रवासात रिकामी ठेवणे, किंवा ट्रेलरमधला माल मुळातच कमी करणे.

हिच ज्या चौकटीला जोडलेला असतो, तीही एकदा खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावी. अनेक मोटरहोमच्या मूळ चेसिसला मागून जास्तीचे लोखंडी बीम जोडून लांबी वाढवलेली असते आणि हिच त्या जोडलेल्या भागावर बसवलेला असतो. हिच कितीही दणकट असला, तरी त्याला धरणारा बीम कमकुवत असेल तर मर्यादा बीमचीच धरावी लागते. वेल्डिंगवर केसासारखी भेग, बोल्टच्या भोवती गंजाचा ओघळ, लांबट झालेली भोके यांपैकी काहीही दिसले तर जाणकाराला दाखवल्याशिवाय ट्रेलर जोडू नये. भार पुढच्या चाकांवर परत ढकलणारे स्प्रिंग-दांड्यांचे हिच मिळतात, परंतु ते या वाढीव चौकटीला जोराने पिळतात. चेसिसचा आणि हिचचा असे दोन्ही उत्पादक लेखी परवानगी देत असतील तरच ते वापरावेत.

माल रचण्याची रीत

बैलगाडीत मागे माल जास्त झाला, की ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठू लागते. ट्रेलरचे वागणे याहून वेगळे नाही. फरक इतकाच, की बैलगाडी जागच्या जागी तक्रार करते आणि ट्रेलर ताशी ८० किलोमीटरला करतो. गुरुत्वमध्य एक्सलच्या मागे गेला, की वाऱ्याच्या एका झोताने सुरू झालेले डोलणे शमण्याऐवजी प्रत्येक झोक्यागणिक वाढत जाते आणि शेवटी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाच हलवू लागतो. म्हणून साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे आणि ४० टक्के मागे असावे, आणि दांड्याचा भार ट्रेलरच्या पूर्ण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. २,००० किलोच्या ट्रेलरला २०० ते ३०० किलो हा पल्ला योग्य. काही देशांतल्या हलक्या हिचवर उभ्या भाराची मर्यादा १०० किलोच्या आसपासच असते. तेथे ती मर्यादा पाळावी आणि ट्रेलरचे वजन व वेग त्या मानाने खाली आणावेत.

टक्केवारी जुळली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. एक जड पेटी अगदी पुढच्या भिंतीशी आणि दुसरी मागच्या दाराशी ठेवली, तरी दांड्याचा भार बरोबर भरू शकतो. पण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर डोलू लागला की लवकर थांबत नाही. सर्वांत जड वस्तू एक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत आणि डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या वाटून ठेवाव्यात. टोकांच्या जागा उशा, दोऱ्या, रिकामे डबे अशा हलक्या सामानासाठी राखाव्यात.

वजनकाटा जवळ नसेल तर दांड्याचा भार घरच्या वजनयंत्रावरही मोजता येतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत. एका बाजूला वीट किंवा लाकडी ठोकळा, दुसऱ्या बाजूला माणसांचे वजन करायचे यंत्र आणि दोहोंवर आडवी एक जाड फळी ठेवावी. फळीच्या खाली दोन्ही टोकांना पाइपचे छोटे तुकडे ठेवावेत, म्हणजे ती नेमक्या त्याच दोन रेषांवर टेकेल. या दोन तुकड्यांतले अंतर १ मीटर ठेवावे. फळीमुळे यंत्रावर दिसणारा आकडा आधी लिहून घ्यावा. मग दांड्याचा जॅक हळूहळू उतरवून कपलरचा (दांड्याच्या टोकाला असलेल्या, बॉलवर बसणाऱ्या पकडीचा) भार विटेकडच्या टेकूपासून बरोबर २५ सेंटिमीटरवर फळीवर येऊ द्यावा. यंत्रावर वाढलेल्या आकड्याची चौपट म्हणजे दांड्याचा भार. यंत्राने ६० किलोची वाढ दाखवली तर भार २४० किलो आहे. मोजताना ट्रेलर चालताना असतो तितकाच सपाट असला पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो.

माल बांधायच्या पट्ट्यांवर दोन आकडे असतात. तुटण्याची ताकद मोठ्या अक्षरांत छापलेली असली, तरी आपल्या कामाचा आकडा कामाच्या भाराचा आहे आणि तो तिच्या साधारण एक तृतीयांश असतो. पट्टे जमिनीतल्या कड्यांना अडकवावेत, भिंतीच्या पातळ पट्ट्यांना नाही. मोटरसायकल असेल तर पुढचे चाक पकडीत बसवून चारही कोपऱ्यांना पट्टे ओढावेत आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. बंदिस्त ट्रेलरमध्ये पेट्रोलची वाफ खाली साचते, त्यामुळे हवा खेळण्याची झरोकी उघडी असावीत आणि आत ठिणगी पडेल असे काहीही चालू नसावे. धावत्या ट्रेलरमध्ये माणूस किंवा जनावर बसवण्याचा विचारही करू नये.

जोडणी

हवेवर चालणारे सस्पेन्शन असलेली मोटरहोम थांबल्यावर खाली बसते. अशा गाडीच्या हिचची उंची बंद अवस्थेत मोजली, तर ती चुकते आणि इंजिन सुरू होऊन गाडी उठली की ट्रेलरचे नाक वर जाते. म्हणून आधी इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्यावी आणि मगच बॉलची उंची ठरवावी. जोडल्यानंतर ट्रेलर सपाट किंवा नाकाने किंचित खाली असावा. नाक वर असेल तर दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्या एक्सलवर जास्त वजन पडते आणि डोलण्याची प्रवृत्तीही वाढते.

बॉलचा आकार कपलरवर कोरलेला असतो आणि तो बॉलवरच्या आकड्याशी जुळवून पाहावा. १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच हे आकार एकमेकांसारखेच दिसतात. युरोपीय मापाचा ५० मिलिमीटरचा बॉल तर २ इंचांच्या बॉलपासून नजरेने ओळखता येत नाही. २ ५/१६ इंचांच्या कपलरमध्ये २ इंचांचा बॉल सहज बसतो, खिट्टीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उडून वेगळा होतो. नजरेवर विश्वास न ठेवता आकडे वाचावेत, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

कपलर बॉलवर बसला, खिट्टी लावली, पिन घातली, की जॅकने दांडा पुन्हा वर उचलावा. मोटरहोमचा मागचा भाग थोडासा उठू लागला तर कपलरने बॉल खरोखर पकडला आहे. केवळ कपलरच वर आला, तर तो बॉलच्या माथ्यावर नुसता टेकलेला होता. या परीक्षेला अर्धा मिनिट लागतो.

सुरक्षा साखळ्या दांड्याच्या खालून एकमेकींना ओलांडून लावाव्यात. कपलर सुटलाच तर त्यांच्या झोळीत दांडा अडकतो आणि रस्त्यात रुतत नाही. साखळ्या वळण घेण्यापुरत्या सैल असाव्यात, पण जमिनीला घासू नयेत. मोटरहोमच्या लांब मागच्या भागामुळे हिच चढणीच्या तोंडाशी जमिनीजवळ येतो, त्यामुळे येथे लांबी नीट पाहावी लागते. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार मोटरहोमच्या चौकटीला स्वतंत्रपणे जोडावी. साखळीला किंवा बॉल बसवलेल्या काढता येण्याजोग्या तुकड्याला अडकवली, तर तो तुकडा निघाल्यावर तारही त्याच्यासोबतच जाईल.

दिव्यांची तपासणी दुसऱ्या माणसाला मागे उभे करून करावी. काही मोटरहोममध्ये इंडिकेटरचा पिवळा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा वेगळे असतात, तर ट्रेलरवर दोन्ही कामे एकाच लाल दिव्याने होतात. अशा जोडीला मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो नसेल तर ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र दिल्यावर मागच्या चालकाला भलताच अर्थ कळतो.

ब्रेक

मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात, ट्रेलरसह होणाऱ्या एकत्रित वजनासाठी नव्हे. म्हणून एखाद्या ठिकाणी नियमाने सूट असली, तरी मालाने भरलेल्या बंदिस्त ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेतच. विद्युत ब्रेकसाठी चालकाजवळ कंट्रोलर लागतो. जुन्या पद्धतीचा कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरावीक वेळात ठरावीक जोर देतो. दुसरा प्रकार गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे ते ओळखून त्या प्रमाणात जोर देतो. जड मोटरहोमसाठी मी दुसराच सुचवीन, कारण थांबण्याची गरज जितकी तातडीची, तितकाच ट्रेलरचा जोरही वाढतो.

कंट्रोलर जुळवण्यासाठी सपाट, मोकळा आणि कोरडा रस्ता निवडावा. ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जात असताना फक्त कंट्रोलरवरची हाताची खिट्टी सरकवून ट्रेलरचे ब्रेक लावावेत. ट्रेलरची चाके लॉक होऊ लागेपर्यंत जोर वाढवावा आणि मग किंचित कमी करावा. चाके दिसत नसल्याने बाहेर सुरक्षित अंतरावर एक माणूस उभा करावा. ट्रेलर रिकामा असताना जुळवलेला जोर तो भरल्यावर पुरत नाही. वजन बदलले की जुळवणीही नव्याने करावी लागते.

सुटल्यावर लागणाऱ्या ब्रेकची स्वतंत्र बारा व्होल्टची बॅटरी ट्रेलरवर असते आणि ती महिनोन्महिने कोणी पाहत नाही. ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहतील एवढी ताकद तिच्यात हवी. तपासण्यासाठी विजेचा प्लग आधी काढावा, मग तारेची पिन ओढावी आणि मोटरहोम अलगद पुढे घेऊन पाहावे: ट्रेलरने अडवले पाहिजे. पिन लगेच परत बसवावी, नाहीतर बॅटरी उतरते.

टायर, नट आणि बेअरिंग

ट्रेलरचे टायर फुटण्यामागे बहुधा कमी हवा, जास्त वजन आणि म्हातारपण ही तीन कारणे असतात, आणि तिन्ही नजरेला दिसत नाहीत. हवा थंड टायरमध्ये, प्रवासाच्या सुरुवातीला मोजावी. ट्रेलरसाठी बनवलेल्या, बाजूवर एसटी अक्षरे असलेल्या टायरमध्ये पूर्ण भाराला बाजूवर लिहिलेला कमाल दाब ठेवण्याची पद्धत आहे. अशा अनेक टायरची वेगमर्यादा ताशी सुमारे १०५ किलोमीटर असते, हे मोटरहोम सहज १२० ला जाते म्हणून आनंदणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. टायरचे वय बाजूवरच्या चार आकड्यांत असते: ३२२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला आहे. ट्रेलर वर्षातला बहुतेक काळ उभा असतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र आतून कडक झालेले असते. पाच-सहा वर्षांनी नक्षी न पाहता टायर बदलावेत.

चाक नव्याने बसवले असेल तर नट टॉर्क पान्याने पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. बेअरिंगचे ग्रीस वर्षातून एकदा तरी पाहावे.

टायरचा दाब आणि तापमान चालकासमोर दाखवणारी सेन्सरची जोडणी हा मोटरहोमवाल्यासाठी चैनीचा भाग नाही. लांब गाडीत संदेश पुढपर्यंत पोहोचत नसतील तर मध्ये रिपीटर बसवावा. त्याच्या खालोखाल ट्रेलरच्या मागच्या दारावरचा कॅमेरा उपयोगी पडतो. हिचकडे पाहणारा दुसरा कॅमेरा जोडणीच्या वेळी वाद वाचवतो.

रस्त्यावर

निघण्यापूर्वी संपूर्ण जोडीची लांबी टेपने मोजावी, उंचीही मोजावी, आणि दोन्ही आकडे समोरच्या काचेजवळ चिकटवून ठेवावेत. कमी उंचीचा पूल समोर आल्यावर आठवणीवर विसंबून चालत नाही.

वळताना दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. मोटरहोम डावीकडे वळू लागली, की मागच्या चाकांमागचा तिचा लांब भाग उजवीकडे झुकतो आणि शेजारच्या लेनमध्ये किंवा खांबावर जाऊ शकतो. त्याच वळणात पुढे ट्रेलर मात्र डावीकडचा कोपरा कापत आत येतो. हे शब्दांनी पुरते समजत नाही. मोकळ्या मैदानात चार-सहा रिकाम्या बाटल्या कोपऱ्यासारख्या मांडून, मदतनिसाला बाहेर उभे करून, अगदी हळू वळण घ्यावे आणि कोणती बाटली कोणी पाडली ते विचारावे. त्याच मैदानात गाडी जास्तीत जास्त वळवून ट्रेलरचा पुढचा कोपरा मोटरहोमच्या बंपरला, शिडीला किंवा सायकलच्या स्टँडला लागतो का, हेही पाहून घ्यावे.

पुढच्या वाहनापासून अंतर नेहमीपेक्षा दुप्पट ठेवावे. वेगाबाबत माझे मत स्पष्ट आहे: उंच बंदिस्त ट्रेलर मागे असताना ताशी ९० किलोमीटरच्या वर जाण्याने वाचणारा वेळ अगदी थोडा आणि वाढणारा धोका मोठा असतो. वारा आडवा असेल तर त्याहूनही कमी. ट्रेलरची सपाट भिंत शिडासारखी वारा धरते, आणि तो झोत पूल ओलांडताना किंवा डोंगराच्या आडोशातून बाहेर पडताना अचानक येतो. मोठा ट्रक शेजारून पुढे जाताना आधी हवेने बाहेर ढकलतो आणि मग आत ओढून घेतो. तो येताना आरशात दिसला, की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग थोडा कमी करावा.

ट्रेलर डोलू लागला तर चालकाला ते स्टिअरिंगमध्ये मागून येणाऱ्या संथ हेलकाव्यासारखे जाणवते. अशा वेळी मोटरहोमचा ब्रेक जोरात दाबणे ही सर्वांत सहज आणि सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे, कारण पुढची गाडी मंदावते आणि मागचा ट्रेलर तिच्यावर चालून येतो. हेलकाव्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवण्यानेही तो वाढतो, कारण हात नेहमी एक झोका उशिरा पोहोचतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि कंट्रोलरची खिट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. ट्रेलर मागे ताणला जातो आणि दोन्ही गाड्या पुन्हा एका रेषेत येतात. ही खिट्टी न पाहता हाताला सापडेल अशा जागी असावी आणि निघताना एकदा तिच्याकडे हात नेऊन पाहावे. जोडी स्थिर झाली की सुरक्षित जागी थांबून कारण शोधावे: माल मागे सरकला का, टायर बसला का, वेग जास्त होता का. कारण न शोधता पुढे निघू नये.

उतारावर वेग वाढण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, ओढण्यासाठीचा खास मोड असल्यास तो सुरू ठेवावा आणि डिझेल गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर जाणारा धूर अडवून गाडी मंदावणारा) असेल तर तो वापरावा. ब्रेकवर पाय सतत टेकवून उतरल्यास ब्रेक तापून निकामी होतात. त्याऐवजी ठरवलेल्या वेगापेक्षा थोडे वर गेल्यावर ठामपणे ब्रेक लावून वेग खाली आणावा, मग पाय पूर्ण काढावा.

पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक थांब्यावर ट्रेलरभोवती एक फेरी मारावी. हाताचा मागचा भाग प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ न्यावा. सगळी चाके सारखीच कोमट असतील तर ठीक. एकच इतरांपेक्षा तापलेले असेल तर तेथे बेअरिंग कोरडे आहे किंवा ब्रेक अडकला आहे. लांबून तापमान दाखवणारे छोटे यंत्र असेल तर बोटे भाजत नाहीत. त्याच फेरीत कपलरची पिन, साखळ्या, प्लग, दाराचे कुलूप आणि आतले पट्टे पाहावेत. पहिल्या काही किलोमीटरांत पट्टे हमखास सैल होतात.

मागे घेणे आणि उभी करणे

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरावा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा असेल, त्या बाजूला हात न्यावा. आखूड ट्रेलर मोटरहोमच्या मागे न दिसता झपाट्याने कात्रीसारखा वळतो, म्हणून स्टिअरिंग थोडेच फिरवावे आणि दोन्ही आरशांत त्याची कड सारखी दिसेनाशी झाली की तो सरळ आहे असे समजावे. मदतनीस वॉकीटॉकीवर असावा आणि त्याचा आवाज बंद झाला की गाडीही थांबावी, असा करार आधीच करून ठेवावा. फसलेला कोन सुधारण्यासाठी पुढे जाऊन पुन्हा सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर जोडलेला असताना मोटरहोम तिच्या लेव्हलिंग जॅकवर, म्हणजे उभी गाडी सपाट ठेवणाऱ्या पायांवर, उचलू नये. हिच वर जाताना दांडा आणि कपलर पिळले जातात आणि जॅकवर तिरपा भार येतो. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, दांड्याचा जॅक खाली फळी ठेवून टेकवावा, विजेचा प्लग, ब्रेकची तार आणि साखळ्या या क्रमाने काढाव्यात, खिट्टी उघडावी आणि जॅक चढवून कपलर बॉलच्या पूर्ण वर आल्याची खात्री करावी. मोटरहोम अर्धा मीटर पुढे घेऊन थांबावे, खाली उतरून काही अडकलेले राहिले आहे का ते पाहावे आणि मगच तिला तिच्या जागेवर न्यावे.